मेटा डिस्क्रिप्शन लिहूनही गूगल दुसरंच काहीतरी दाखवतं, मग लिहायचं कशाला आणि कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या खुर्च्या विकणारी वेबसाइट, साधारण आठशे पानं. प्रत्येक पानाला प्लगइनच्या (वेबसाइटला जोडलेल्या, मजकूर तपासणाऱ्या साधनाच्या) सूचनेप्रमाणे 155 अक्षरांच्या आत मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे शोधनिकालात शीर्षकाखाली दिसावं म्हणून पानाच्या कोडमध्ये दिलेलं छोटं वर्णन, लिहिलं, सगळीकडे हिरवा दिवा लागला. तरी निम्म्याहून जास्त पानांखाली गूगल स्वतःच उचललेला मजकूर दाखवतं. जिथे तुमचंच वाक्य दिसतं, तिथेही क्लिक वाढलेले नाहीत. मग हा खटाटोप करावा का, आणि चांगलं डिस्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय?

खटाटोप करावा, पण आठशे पानांसाठी करायची गरज नाही. आणि हिरव्या दिव्याकडे पाहून तर मुळीच करू नये. तो दिवा फक्त लांबी मोजतो आणि ठरवलेला शब्द आला की नाही ते बघतो. वाक्य वाचून कुणाला पान उघडावंसं वाटेल का, हे त्याला कळत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मेटा डिस्क्रिप्शनमुळे रँकिंग, म्हणजे निकालांतलं स्थान, वाढत नाही. मेटा कीवर्ड्स टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) आपण रँकिंगसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर केलं. त्याच वेळी डिस्क्रिप्शनबद्दलही सांगितलं की ते कधीकधी स्निपेटसाठी, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या मजकुरासाठी, वापरतो, रँकिंगसाठी नाही. म्हणून त्यात 'ऑफिस खुर्ची, स्वस्त ऑफिस खुर्ची, ऑनलाइन ऑफिस खुर्ची' अशी माळ ओवून हाती काही लागत नाही. उलट अशी माळ दिसली की गूगल ती सोडून पानातलं एखादं सरळ वाक्य उचलण्याची शक्यता वाढते. शोधलेले शब्द स्निपेटमध्ये ठळक दिसतात आणि त्यामुळे नजर थांबते, हे खरं. पण त्यासाठी शब्द एकदा, वाक्याच्या ओघात आला तरी पुरतं.

आता गूगल तुमचं वाक्य का टाकून देतं ते पाहू. गूगलच्या मार्गदर्शिकेत हे सरळ लिहिलेलं आहे: स्निपेट मुख्यतः पानावरच्या मजकुरातून तयार होतं, आणि मेटा डिस्क्रिप्शन पानाचं वर्णन अधिक चांगलं करत असेल तर ते वापरलं जाऊ शकतं. म्हणजे डिस्क्रिप्शन हा तुमचा प्रस्ताव असतो, निर्णय गूगलचा. शिवाय तो निर्णय शोधागणिक बदलतो. एकाच पानासाठी 'ऑफिस खुर्ची' शोधणाऱ्याला तुमचं वाक्य दिसेल, आणि 'उंच माणसासाठी खुर्ची' शोधणाऱ्याला पानाच्या मध्यातलं उंचीबद्दलचं वाक्य दिसेल. यात काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या माणसाला त्याच्या प्रश्नाशी जवळचा मजकूर मिळाला. एचआरेफ्स या शोध-विश्लेषण कंपनीने 2020 मध्ये केलेल्या पाहणीत गूगलने जवळपास 63 टक्के वेळा डिस्क्रिप्शन बदललेलं आढळलं होतं, त्यामुळे 'निम्म्याहून जास्त' हा तुमचा अनुभव जगावेगळा नाही.

पण बदललेलं स्निपेट वाचायची सवय ठेवा, कारण त्यात फुकटचं निदान असतं. सर्च कन्सोलमध्ये (तुमची पानं कुठल्या शोधांना दिसली ते सांगणारं गूगलचं साधन) एखाद्या पानाचे सर्वाधिक वेळा दिसलेले दहा-बारा शोध काढा आणि ते एकेक करून गूगलमध्ये टाकून बघा. त्या पानाच्या सर्वात मोठ्या शोधालाच गूगल तुमचं डिस्क्रिप्शन नाकारत असेल, तर दोनपैकी एक गोष्ट असते. लोक ज्यासाठी येतात ते तुमच्या वाक्यात नाही, किंवा पानात ते जास्त नेमक्या शब्दांत लिहिलेलं आहे. दुसऱ्या बाबतीत पानातलं ते वाक्यच उचलून डिस्क्रिप्शनचा आधार करा. आणि बारीकसारीक, लांबलचक शोधांना वेगळा मजकूर येत असेल, तर त्यामागे लागू नका.

यातूनच एक काम निघतं, जे बहुतेक जण करत नाहीत. स्निपेट पानातून उचललं जाणार असेल, तर उचलण्याजोगी वाक्यं पानात असायला हवीत. तुमच्या उत्पादन-पानांवर वरचा परिच्छेद 'आजच्या धावपळीच्या युगात कामाच्या ठिकाणी आरामाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' असा सुरू होतो. खाली थेट मापांचा तक्ता. गूगलने उचलावं काय? मग कधी मेन्यूतले शब्द येतात, कधी 'कार्टमध्ये टाका, तुलना करा, शेअर करा' असली बटणांची रांग. पहिल्या परिच्छेदात खुर्ची कुणासाठी, कशी आणि कशाची, हे दोन पूर्ण वाक्यांत लिहिलं तर तुमचं डिस्क्रिप्शन नाकारलं गेलं तरी त्याचा धाकटा भाऊ दिसेल. पानातला एखादा विशिष्ट भाग स्निपेटमध्ये कधीच यायला नको असेल, उदाहरणार्थ कुकीची सूचना किंवा मालाच्या साठ्याबद्दलची ओळ, तर त्यासाठी डेटा-नोस्निपेट हा गुणधर्म, म्हणजे पानाच्या कोडमधल्या टॅगला जोडायची खूण, आहे. गूगलने तो 2019 मध्ये आणला. तो डिव्ह, स्पॅन आणि सेक्शन या एचटीएमएल टॅगांवर लावता येतो.

लांबीबद्दल दोन शब्द, कारण त्या 155 चा फार बाऊ झालाय. मेटा डिस्क्रिप्शनला गूगलने कमाल मर्यादा घातलेली नाही. दाखवताना मात्र ते जागेच्या रुंदीनुसार कापलं जातं. डिसेंबर 2017 मध्ये गूगलने स्निपेटं बरीच लांब केली. अनेकांनी घाईघाईने शेकडो डिस्क्रिप्शनं तीनशे अक्षरांपर्यंत वाढवली, आणि मे 2018 पर्यंत स्निपेटं पुन्हा आखूड झाली. शहाणपण एवढंच की कामाची गोष्ट पहिल्या शंभरेक अक्षरांत यावी. पुढे जे असेल ते कापलं गेलं तरी चालेल असं असावं. लेखाच्या पानांवर गूगल सुरुवातीला तारीखही जोडतं, तेवढी जागा आधीच गेलेली असते.

मराठी मजकुरासाठी तर 155 हा आकडा आणखी फसवा आहे. 'विद्यार्थ्यांची' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. यंत्र त्यात पंधरा चिन्हं मोजतं, कारण प्रत्येक काना, वेलांटी, हलन्त आणि अनुस्वार युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-संकेतांत) स्वतंत्र आहे. त्यातल्या हलन्ताला किंवा अनुस्वाराला ओळीत वेगळी जागा लागत नाही. त्यामुळे प्लगइन लाल दिवा दाखवतं तेव्हा प्रत्यक्षात जागा शिल्लक असू शकते. दिव्यावर विसंबण्यापेक्षा निकालाची प्रतिमा दाखवणारं एखादं साधन वापरा, किंवा सरळ मोबाइलवर शोधून बघा.

कापलं जाण्याचा आणखी एक धोका आपल्या वाक्यरचनेत दडलेला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. 'ही खुर्ची 120 किलोपेक्षा जास्त वजनासाठी योग्य नाही' हे वाक्य 'योग्य' पाशी तुटलं तर अर्थ बरोबर उलटा होतो. 'वॉरंटी फक्त सिलिंडरवर नसून संपूर्ण खुर्चीवर' हे 'सिलिंडरवर' पाशी तुटलं तर तुमच्या सर्वात मोठ्या फायद्याचा तोटा होऊन बसतो. म्हणून मराठी डिस्क्रिप्शनमध्ये दोन किंवा तीन लहान वाक्यं असावीत, प्रत्येक आपल्या पायावर उभं. अटी आणि नकार शेवटच्या वाक्यात ठेवू नयेत. 'कमाल वजन 120 किलो' असं लिहिलं की प्रश्नच मिटला.

आता प्रत्यक्ष लिहिणं. तुमच्या मुख्य श्रेणीच्या पानाला सध्या हे आहे:

'आम्ही उच्च दर्जाच्या ऑफिस खुर्च्यांचे आघाडीचे विक्रेते आहोत. आकर्षक डिझाइन, उत्तम गुणवत्ता आणि वाजवी दर. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. आजच भेट द्या!'

यातले 'ऑफिस खुर्च्या' काढून तिथे पंखे घाला, पाण्याच्या टाक्या घाला, छपाईयंत्रं घाला. बाकी एक अक्षर बदलावं लागत नाही. मी कुठलंही डिस्क्रिप्शन पहिल्यांदा असंच तपासतो: वस्तूचं नाव बदलून वाक्य जसंच्या तसं चालत असेल तर ते वाक्य काही सांगतच नाही. 'आघाडीचे', 'उच्च दर्जाचे', 'सर्वोत्तम' हे शब्द वरच्या-खालच्या नऊ निकालांतही आहेत, आणि वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरून जाते.

शोधणाऱ्याच्या बाजूने विचार करा. 'ऑफिस खुर्ची' टाकणाऱ्याच्या मनात काय असतं? कंबर दुखते. आपल्या उंचीला बसेल का? सुटे भाग येतात, जोडायचे कुणी? नाही पटली तर परत घेतील का? हे मला अंतर्ज्ञानाने कळत नाही. तुमच्या ग्राहकांनी फोनवर आणि ईमेलवर हेच विचारलेलं असतं, सर्च कन्सोलमधल्या शोधांत हेच दिसतं. त्यातल्या तीन प्रश्नांना उत्तर देऊ:

'कमरेला आधार आणि उंची बदलता येणाऱ्या ऑफिस खुर्च्या. तुमची उंची व वजन टाकून योग्य आकार निवडा. जोडणी आम्ही करून देतो, 15 दिवसांत परत करता येते.'

पहिलं वाक्य वस्तू आणि मुख्य फायदा सांगतं, आणि उरलेलं कापलं गेलं तरी ते पुरेसं आहे. दुसऱ्यात पानावर गेल्यावर काय करता येईल ते आहे. 'आजच भेट द्या' पेक्षा हे आमंत्रण जास्त खरं, कारण त्यात भेट देण्याचं कारण आहे. तिसऱ्यात भीती कमी करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. यातली प्रत्येक गोष्ट पानावर सापडलीच पाहिजे. परतीची सोय फक्त काही खुर्च्यांना असेल तर ती इथे लिहू नका. डिस्क्रिप्शनमध्ये दिलेलं वचन पानावर मिळालं नाही की माणूस मागे फिरतो, आणि अशा क्लिकचा काही उपयोग नाही.

शीर्षकात जे आहे ते डिस्क्रिप्शनमध्ये पुन्हा सांगू नये. दोन्ही एकाखाली एक दिसतात. वर 'ऑफिस खुर्च्या' आणि खाली 'ऑफिस खुर्च्या ऑनलाइन विकत घ्या' असं असेल तर सर्वात मोलाची जागा पुनरुक्तीत गेली.

माहितीपर लेखांचं गणित थोडं वेगळं. तुमच्याकडे एक चांगला लेख आहे: बसल्यावर खुर्ची आपोआप खाली जाते, त्यावर उपाय. त्याला सध्या 'खुर्ची खाली जाण्याची कारणे आणि उपाय याबद्दल संपूर्ण माहिती या लेखात जाणून घ्या' असं डिस्क्रिप्शन आहे. 'संपूर्ण माहिती' आणि 'जाणून घ्या' हे दोन शब्दप्रयोग मराठी वेबवर इतके झालेत की माझ्या हातात असतं तर त्यांच्यावर कर बसवला असता. त्याऐवजी:

'बसल्यावर खुर्ची हळूहळू खाली जात असेल तर बहुतेक वेळा गॅस सिलिंडर निकामी झालेला असतो. तो कसा ओळखायचा, काढायचा आणि नवा कोणत्या मापाचा घ्यायचा, फोटोंसह.'

इथे हमखास शंका निघते: उत्तर डिस्क्रिप्शनमध्येच दिलं तर पानावर कोण येईल? निदान दिलंय, काम अजून बाकी आहे. ज्याला दुरुस्ती करायची आहे तो येणारच, आणि या लेखकाला विषय कळतो असं समजून येईल. एका आकड्यात किंवा एका शब्दात संपणारं उत्तर असेल तर मात्र काही क्लिक जातील, हे मान्य करून टाका. तसं उत्तर लपवलं तरी गूगल ते पानातून उचलून वर दाखवतंच. उत्सुकता ताणणारी 'कारण वाचून थक्क व्हाल' छापाची वाक्यं मी कुणालाच सुचवत नाही, खुर्चीच्या दुकानाला तर नाहीच.

तुम्ही पाठवलेल्या पानांच्या यादीत काही तांत्रिक घोटाळेही दिसले. ते लेखनाने सुटणार नाहीत. पहिला, काही पानांच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) दोन-दोन डिस्क्रिप्शन टॅग आहेत, एक थीमने (वेबसाइटच्या तयार मांडणीने) टाकलेला आणि एक प्लगइनने. थीममधला बंद करा. दुसरा मजेशीर आहे. एका पानावर वाक्य 'रुंद बैठक 22' इथेच संपतं. तिथे इंच दाखवायला सरळ दुहेरी अवतरण चिन्ह वापरलंय, आणि हाताने लिहिलेल्या टेम्प्लेटमध्ये त्या चिन्हाने टॅगमधला मजकूरच बंद होतो. पुढचं सगळं हवेत. 'इंच' असा शब्दच लिहा. तिसरा, काही पानं रोबोट्स फाइलमधून (कुठली पानं वाचू नयेत ते शोधयंत्रांना सांगणारी फाइल) अडवलेली आहेत. पानं वाचणारा गूगलचा प्रोग्राम, गूगलबॉट, ते पान उघडूच शकत नसेल तर त्यातलं डिस्क्रिप्शन त्याला दिसणार कसं? पान निकालांत नकोच असेल तर अडवण्याऐवजी नोइंडेक्स (हे पान निकालांत दाखवू नका, असं सांगणारा टॅग) वापरा, आणि हवं असेल तर अडथळा काढा. पानाची शेवटची प्रत गूगलला कशी दिसली ते यूआरएल तपासणीच्या साधनात बघता येतं, तेवढं एकदा नक्की करा.

आता आठशे पानांचा प्रश्न. सगळी हाताने लिहू नका. सर्च कन्सोलमध्ये गेल्या तीन महिन्यांचे आकडे घ्या आणि निकालांत दिसण्याच्या संख्येनुसार पानं लावा. बहुतेक वेबसाइटींवर वरची थोडीच पानं बरंचसं ओझं उचलतात. त्यातही ज्यांचं सरासरी स्थान पहिल्या पानावर आहे पण क्लिकचं प्रमाण शेजारच्या पानांपेक्षा कमी आहे, तिथून सुरुवात करा. चाळिसाव्या क्रमांकावर असलेल्या पानाचं डिस्क्रिप्शन कितीही सुरेख लिहा, ते वाचायला तिथवर जाणार कोण? मुख्य पान आणि मोठ्या श्रेणी हाताने लिहायच्याच.

उरलेल्या उत्पादन-पानांसाठी साचा वापरा. यात कमीपणा काही नाही, मोठ्या वेबसाइटींना गूगलही हेच सुचवतं. अट एवढीच की साच्यात खरी, पानागणिक बदलणारी माहिती भरली जावी: बैठकीची रुंदी, कमाल वजन, पाठीचा प्रकार, वॉरंटी. 'जाळीदार पाठ, 48 सेंमी रुंद बैठक, 120 किलोपर्यंत वजन. हात वर-खाली होतात. 3 वर्षांची वॉरंटी.' रुक्ष वाटतं, पण मॉडेलचं नाव टाकून शोधणाऱ्याला हेच हवं असतं. रकाना रिकामा असेल तर ते वाक्य गळून पडेल अशी सोय करून घ्या, नाहीतर 'किलोपर्यंत वजन' असं लुळं वाक्य शंभर पानांवर जाईल. आणि जिथे भरायलाच काही नाही, तिथे डिस्क्रिप्शन रिकामं ठेवा. सगळीकडे एकच वाक्य चिकटवण्यापेक्षा गूगलला पानातून निवडू देणं बरं.

एआयकडून लिहून घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. मसुद्यासाठी घ्या, हरकत नाही. पण त्याला नुसतं पानाचं शीर्षक दिलंत तर तो पुन्हा 'आघाडीचे' आणि 'उत्कृष्ट' आणून ठेवतो, किंवा नसलेली वॉरंटी देऊन मोकळा होतो. पानाचा मजकूर आणि त्या पानाचे खरे शोध दोन्ही द्या, आणि प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येक आकडा पानाशी ताडून बघा.

मोजमाप करताना घाई नको. बदल केल्यावर गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. कुठल्या पानाचं वाक्य कधी बदललं याची तारीख एका शीटमध्ये लिहून ठेवा. कोणत्या वेळी कोणतं स्निपेट दिसलं हे सर्च कन्सोल सांगत नाही, त्यामुळे ही नोंद तुमच्याकडेच हवी. मग बदलाआधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडे घ्या, तेही त्याच शोधासाठी आणि स्थान साधारण तेच असताना. स्थान सातवरून चारवर गेलं असेल तर वाढलेल्या क्लिकचं श्रेय डिस्क्रिप्शनला देता येत नाही. निकालांवर एआयचं उत्तर किंवा जाहिरातींची रांग नव्याने आली असेल तर वाक्य सुधारूनही क्लिक घटलेले दिसू शकतात. म्हणून सगळी पानं एकदम न बदलता, सारख्या स्वरूपाची निम्मी बदला आणि निम्मी तशीच ठेवा. फरक या दोन गटांत बघा.

नोस्निपेट या टॅगचा मार्ग सुचवणारे काही जण भेटतील: गूगलला वेगळा मजकूर दाखवायची संधीच देऊ नका म्हणून. त्याने स्निपेट पूर्णच जातं, तुमचं डिस्क्रिप्शनसुद्धा. विक्रीच्या पानांवर ते लावू नका. मॅक्स-स्निपेटने अक्षरांची मर्यादा घालता येते, पण तुमच्या प्रश्नाला तेही उत्तर नाही.

जाता जाता, व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवर दुवा पाठवल्यावर खाली जी ओळ दिसते ती ओपन ग्राफच्या (दुवा शेअर केल्यावर काय दिसावं ते सांगणाऱ्या टॅगांच्या) डिस्क्रिप्शन टॅगमधून येते. तिथे गूगलची निवड नसते, साधारणपणे तुम्ही लिहिलं तेच दिसतं. तुमचे बरेच ग्राहक एकमेकांना दुवे पाठवतात असं तुम्ही म्हणता, मग वरच्या तीसेक पानांसाठी तो टॅगही वेगळा भरा. तिथे वाचणाऱ्याने काही शोधलेलं नसतं, ओळखीच्या कुणीतरी दुवा पाठवलेला असतो. तेव्हा उंची-वजनाच्या आकड्यांआधी ही कुठली खुर्ची आणि कुणासाठी, एवढं एका वाक्यात आलं तरी काम झालं.